दहा हजार सात

मित्रांनो, सात विटा देऊन लालासाहेबांना दहा गुंठे जमीन वाचवायची होती. त्या सात विटांपायी मी कोरेगावजवळच्या एका गावात येऊन पडले. मी एक जुनी संख्या आहे, दहा हजार सात.

साल १९४६. शाळा देवळाच्या ओसरीवर भरायची. जागा पुरेना म्हणून राहीबाईची लेक अंबू हिच्यासह अकरा मुलींना घरी बसवलं होतं. गावचे बडे जमीनदार लालासाहेब यांनी भरसभेत शाळेला ती दहा गुंठे जमीन बोलून टाकली होती. अट एकच, दसऱ्यापर्यंत विटा जागेवर पडल्या पाहिजेत. नाहीतर तिथे त्यांचं गुऱ्हाळ उभं राहणार.

भट्टीवर दहा हजार विटा मोजून ठेवलेल्या, गावात भावक्या आठ. प्रत्येकीने साडेबाराशे वाहायच्या. एकही जास्त वाहिली तर ती भावकी मानाने धाकटी ठरायची, अशी गावची रीत!

मग लालासाहेबांनी आपल्या घरच्या उरलेल्या सात विटा वाजतगाजत दान केल्या. टाळ्या पडल्या. दान नाकारता येईना, म्हणून त्या सातही वाहायच्या विटांत धरल्या. बाळासो गुरुजी पाटी घेऊन बसले आणि माझे हाल सुरू झाले.

आठांनी भागलं, सात उरले. दहा वाटे केले, पुन्हा सात. नऊ केले तर आठ, बारा केले तर अकरा! अहो, मी मूळ संख्या. एक आणि मी स्वतः, याखेरीज मला कुणाचा भाग जात नाही. शंभरापर्यंत कुणाचा भाग गेला नाही तर पुढेही कुणाचा जायचा नाही. शंभरापुढचा भाजक शंभराच्या आतला जोडीदार घेऊनच येतो. गुरुजी मात्र एकशे त्र्याण्णवापर्यंत घासत गेले. दोन पावलांवर माझी जुळी बहीण, दहा हजार नऊ. तीही अशीच हट्टी, पण तिला कुणी छळलं नाही.

“सात आमच्याच डोक्यावर का?” एका भावकीचा म्होरक्या गुंडा गरजला. “आमी काय लालासाहेबाचं गडी हाय?”

“मग फोडा की ती सात,” दुसऱ्या भावकीतला कृष्णात म्हणाला.

“दानाची वीट फोडतोस?” लालासाहेब शांतपणे म्हणाले. “फोड गड्या. पाप तुझ्या नावावर.”

पाच दिवस हेच. दसरा परवावर आला. राहीबाई पाण्याची घागर घेऊन जाता जाता थांबली.

“गुरुजी, भावक्या किती?”

“आठ.”

“आनि उरत्यात किती?”

“सात. किती वेळा सांगू, बाई?”

“आवं, मग सात जास्त कुठं? एक कमी हाय की!”

गुरुजींची पेन्सिल थांबली. पण भट्टी विझलेली, घरं सगळी मातीची. भाजकी वीट आणायची कुठून? “आमच्याकडं न्हाई बा आता,” लालासाहेब हसले.

राहीबाई घरी गेली. चुलीच्या तीन भाजक्या विटांतली एक तिने उपसली आणि गरम म्हणून पदरात धरून आणली.

दहा हजार आठ. प्रत्येकीला बाराशे एक्कावन्न. दसऱ्याच्या आत विटा जागेवर पडल्या. मी तिथेच संपले आणि खरं सांगते, सुटले. मित्रांनो, काय उरलं यावर भांडण्याआधी काय कमी आहे ते बघत जा, आणि आम्हा संख्यांना विनाकारण छळू नका.

शेवटी कुणी काय दिलं म्हणाल, तर आठ भावक्यांनी सारखा घाम दिला. लालासाहेबांची जमीन गेली, पण शाळेच्या दारावर त्यांचं नाव लागलं. अंबू शाळेत बसली. राहीबाई पुढे महिनाभर दोन विटांवर कलता तवा एका हाताने धरून भाकरी भाजत होती.