तिसऱ्या मजल्यावरची बाधा

त्या सोमवारी दुपारी हडपसरच्या आमच्या ऑफिसात कुणी कामाला हात लावला नव्हता. विम्याचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरणारी साठ माणसं हात जोडून उभी होती आणि उत्तरेश्वर महाराज मिरची-मोहरीची धुरी घेऊन टेबलांमधून फिरत होते. धूर इतका झाला की खुद्द महाराजांना ठसका लागला. त्यांनी फर्मावलं, सगळी दारं-खिडक्या उघडा, तिला जायला वाट हवी.

ती म्हणजे बाधा. उन्हाळ्याच्या तोंडावर या नव्या जागेत आलो, तेव्हापासून जेवणानंतर लोकांची डोकी दुखायची, डोळे मिटायचे, मळमळायचं. शुक्रवारी नम्रता नावाची मुलगी खुर्चीवरून खालीच कोसळली. धुरीनंतर मात्र तासाभरात सगळे टवटवीत. कुणी पाया पडलं, कुणी महाराजांसोबत सेल्फी काढला. आमच्याकडे पदवीशिवाय नोकरी मिळत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग महाराजांनी हजेरीचा तक्ता मागवला आणि बाधेचं मूळ शोधून काढलं. सोजरबाई. लोणी काळभोरहून बसने येऊन ऑफिस झाडणाऱ्या, पन्नाशीच्या, विधवा, कमी बोलणाऱ्या. त्या सहा दिवस रजेवर होत्या आणि त्या सहाही दिवशी कुणाला काही झालं नव्हतं.

"तक्ता खोटं बोलत नाही, बाळांनो," महाराज म्हणाले. "ही बाई श्वासाबरोबर सावली सोडते."

श्वासातून सावली कशी सुटते, हे मी विचारायला हवं होतं. मी ऑफिसचा व्यवस्थापक, देवधर्म न मानणारा म्हणून प्रसिद्ध. पण तक्ता खरा होता, आणि मी गप्प बसलो.

मालकांनी सोजरबाईंना खाली गेटवर बसवलं. महिनाअखेरीस कामावरून काढायचं ठरलं. पुढचे तीन दिवस कुणाचं डोकं दुखलं नाही. हे सगळ्यांत भयंकर होतं. महाराज खरे ठरत होते आणि बातमी बसमधूनच लोणीला पोचली होती. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, बाईंनी मला गेटवर अडवलं.

"साहेब, नळावर गेले तर बाया हंडे बाजूला घेत्यात. सून नातवाला घिऊन माहेरी गेली. खरं सांगा, माझ्यामुळंच व्हतंय का?"

त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला होता. मला इतकी लाज वाटली की उत्तर न देता जिना चढून वर आलो.

त्याच दिवशी, एसी नीट थंड करत नाही या आमच्या तक्रारीवरून, कल्याणी नावाची इंजिनिअर आली. तिने छताकडे पाहिलं आणि विचारलं, बाहेरची हवा आत कुठून येते? मी म्हणालो, एसीतून.

"एसी हवा आणत नाही, आतली आहे तीच फिरवून थंड करतो," ती म्हणाली. "आराखड्यात ताजी हवा ओढणारा पंखा होता. तो कुणी काढला?"

मी. स्वस्तात काम उरकल्याची शाबासकी मिळवायला. ठेकेदाराने तेव्हा बजावलंही होतं की साठ माणसांत हवा कोंडेल. शिवाय जिन्याच्या दारावर मीच सूचना लावली होती: एसी सुरू आहे, दार बंद ठेवा. साठ सुशिक्षितांनी ती कधी पाळली नाही. चहाला जाताना दार उघडं राहावं म्हणून वाळूची बादली लावून जायचे. ती बादली हलवून दार लावणारं माणूस एकच होतं. सोजरबाई. त्या रजेवर किंवा खाली गेटवर असल्या की दार दिवसभर उघडं.

कल्याणीने टेबलावर हाताएवढं यंत्र ठेवलं. माणसं जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो मोजणारं. बाहेर आकडा साडेचारशे होता. दार-खिडक्या बंद केल्या, सोजरबाई खाली गेटवर. दोन तासांत आकडा तीन हजारांवर गेला आणि लोक कपाळ चोळू लागले. दुसऱ्या दिवशी सगळं उघडं ठेवून बाईंना दिवसभर मधोमध बसवलं. आकडा सातशेच्या वर गेला नाही, एकही डोकं दुखलं नाही. महाराजांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, यंत्राला बाधा झाली आहे. कल्याणीने, दुसरं आणू का, असं विचारलं तेव्हा त्यांना एक तातडीचं काम आठवलं.

पंखा बसवायचा ठरला. बाईंचं काम टिकलं. मी शिक्का मारून पत्र दिलं की त्यांचा काही दोष नाही. त्यांनी ते परत केलं.

"कागद कोण वाचतंय? वस्तीत या, तोंडानं सांगा."

रविवारी सकाळी मी नळावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. धुरीने काही झालं नव्हतं, उघडलेल्या खिडक्यांनी झालं होतं. हंडा भरून झालेल्या एका बाईने विचारलं, "मग आधीच हवा का नाय तपासली?"

"तपासली असती तर माझं नाव निघालं असतं," मी म्हणालो. "बाधा निघाली, म्हणून मी सुटलो. चूक माझी होती आणि भोगलं या बाईंनी. आजार आला की आधी हवा बघा, पाणी बघा, डॉक्टरला विचारा. आणि कुणी माणसाकडे बोट दाखवलं, तर पुरावा मागा. मलासुद्धा."

सोजरबाई माझ्या शेजारी ताठ उभ्या होत्या.

"परत सांगा, साहेब," त्या म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू नाय गेलं."

मी पहिल्यापासून परत सांगितलं.