वीस दात

अण्णांनी धातू कापायचा, दातेरी चाकासारखा कटर मशीनच्या आडव्या दांड्यावर सरकवला, पाठोपाठ एक कडं घातलं आणि पान्याने नट आवळला. समोरच्या बाकावर सून कानस चालवत होती. तिने सहज मान वळवून पाहिलं आणि तिचा हात जागीच थांबला. तो अण्णांनी काल धार लावलेला कटर होता.

कटर निवडण्यात अण्णांचा हात धरणारा कोणी नव्हता. खणात लहानमोठे चौदा कटर, काही दाट दातांचे, काही विरळ. पितळेला कुठला, बिडाला कुठला, हे ते खण उघडायच्या आधीच ठरवून येत. "काम भागेल त्यात सगळ्यात लहान घ्यावा. मोठा कटर नुसता तोरा मिरवतो आणि थरथरतो," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना एखाद्या लांबच्या नातेवाइकाबद्दल बोलत असल्यासारखे हसायचे. आजचा कटरही त्यांनी बरोबरच निवडला होता. गोची होती ती धारेची.

धार लावताना एकेक दात फिरत्या दगडापाशी आणायचा, एकदाच आणि सारखाच घासायचा, आणि शेवटचा दात झाला की थांबायचं; या कटरला दात वीस. अण्णा मनातल्या मनात मोजत. चाळीस वर्षं त्यात चूक झाली नव्हती. पण अलीकडे त्यांना जवळचं धड दिसेनासं झालं होतं. मध्येच फोन वाजला की मोजणी घसरायची, मग काही दात दोनदा घासले जायचे आणि काही तसेच उंच राहायचे. असा कटर फिरायला लागला की उंच दात तेवढे राबतात, बाकीचे नुसती हजेरी लावतात, आणि प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो.

हे दीड वर्षापूर्वीच सुनेच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून जेवणानंतर अण्णा वर्कशॉपच्या पलीकडच्या टोकाला कॉटवर आडवे झाले की ती गुपचूप त्यांच्या कटरांना पुन्हा धार लावायची. पहिल्या दातावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा आणि तो ठिपका परत समोर येईपर्यंत एकेक दात घ्यायचा. शेवटी ठिपका खरवडून टाकायचा. गिऱ्हाइकं म्हणत, "धार असावी तर अण्णांची." तेव्हा ती खाली मान घालून कानस चालवत राहायची. तिला बरं वाटायचं, आणि थोडं वाईटही वाटायचं. दोन्ही खरं होतं.

काल दुपारी मात्र ती लेकीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि इकडचे दात राहून गेले.

मशीनवर बांधलेला तुकडा वह्यापुस्तकं बांधणाऱ्या एका बाईंचा होता. त्यांच्या कागद कापायच्या जुन्या यंत्राचा बिडाचा भाग तुटला होता. ते यंत्र बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. बाईंनी कुठून कुठून खटपट करून एकच नवा तुकडा ओतून घेतला होता आणि लेकराला आणावं तसा दुपट्यात गुंडाळून आणला होता. "एकच आहे हो, अण्णा," असं त्या दारातून जातानाही पुन्हा म्हणाल्या होत्या. आता त्यात खाच पाडायची होती. हिसका बसून कडेची ढलपी उडाली की खेळ खलास.

अण्णांचा हात बटणाकडे गेला.

"अण्णा, थांबा."

"का गं?"

पट्टा सैल वाटतोय, तेल कमी आहे, अशा सबबी तिच्या जिभेवर तयार होत्या. तिने त्या गिळल्या.

"एकदा डायल लावून दात सारखे आहेत का बघू या का?"

"मी धार लावलेल्या कटरला?"

"हो."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मापाचा डायल काढला आणि त्याचं टोक कटरच्या दाताला टेकवलं.

"तू वाच. मला त्या रेघा दिसत नाहीत."

ते हाताने कटर उलटा फिरवू लागले, एकेक दात टोकाखालून नेत. पहिले तीन ठीक होते. चौथ्याला काटा उडाला. एकच रेघ म्हणावं, असं तिच्या मनात आलं. म्हातारा माणूस, कशाला दुखवायचं?

"तीन रेघा वर," ती म्हणाली.

नववा चार रेघा वर निघाला. तिचा आवाज खाली गेला.

"मोठ्याने बोल."

विसावा दात झाला तेव्हा अण्णांनी विचारलं, "किती निघाले?"

"पाच."

ते स्टुलावर बसले आणि फडक्याने बोटं पुसू लागले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत होते. तिला ते बघवेना.

"अण्णा, काल मला वेळच..." ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"काल तू नव्हतीस. ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले. "म्हणूनच आज हा लावला. म्हटलं, बघू तरी, माझं मला काही जमतंय का."

त्यांनी नट सैल केला, कटर काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"लाव धार. बाईंना तासाभराने यायला सांगतो."

ती ग्राइंडरपाशी गेली. तेलाच्या डब्यामागून तिने नेलपॉलिशची बाटली काढली, पण झाकण न उघडताच ती वळली.

"म्हणजे तुम्ही झोपत नव्हता?"

"दीड वर्षं डोळे मिटून पडायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पाठ आंबून गेली." अण्णा फोन करून तिच्यामागोमाग आले होते, हातात स्टूल घेऊन. "जवळचं दिसत नाही गं. लांबचं अजून लख्ख दिसतं."

त्यांनी स्टूल अगदी तिच्या कोपराला लागेल इतकं जवळ ठेवलं आणि बसले.

"आता इथून मला काही दिसायचं नाही," ते म्हणाले. "तेव्हा मोठ्याने मोज."

तिने बाहीने डोळे पुसले, पहिल्या दातावर लाल ठिपका दिला आणि दगड सुरू केला.

"एक," ती म्हणाली.