कमरेच्या वरचा उजेड

प्रसन्न आगाशे हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगायचंय त्यात तो तसा दिसणार आहे, म्हणून.

अमेरिकेत, रॅले शहरातल्या एका लायटिंग कंपनीत तो डिझायनर होता. ऑफिस, गोदाम, दुकान, शाळा, जे काही बांधलं जाईल तिथं दिवे किती लावायचे आणि कुठं लावायचे, हे ठरवायचं काम. पूर्वी एकेका नकाशाला दोन-दोन दिवस जात. दिवे मांडायचे, कॉम्प्युटरला गणिताला बसवायचं आणि आपण कॉफी प्यायला जायचं. परत येऊन बघावं तर एखादा कोपरा अंधारात, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात माउसनं दिवा सरकवला रे सरकवला की नकाशावरचा रंग तिथल्या तिथे बदले. हिरवं म्हणजे पुरेसा उजेड, निळं म्हणजे कमी. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासावर आलं आणि प्रसन्नचा भाव भलताच वधारला. गिऱ्हाइकासमोर बसून, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत, तो अख्खं गोदाम उजळून दाखवायचा. बॉस खूश, गिऱ्हाईक खूश, आणि प्रसन्न तर काय विचारूच नका.

हात असा सराईत झाला की माणसाला प्रेक्षक हवेसे वाटतात. ते त्याला शेजारच्या मॉरिसव्हिल गावात मिळाले.

तिथल्या 'चौरंग' या मराठी मंडळानं एक बंद पडलेलं कार्पेटचं दुकान हॉल करायला घेतलं होतं. इतकी वर्षं शाळांचे कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन गणपती आणि दिवाळी उरकलेली माणसं ती, आता स्वतःचं स्टेज होणार म्हणून हरखून गेली होती. दिव्यांचं काम प्रसन्ननं आपण होऊन अंगावर घेतलं. फुकट, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअर लायसन्सवर, कंपनीला न विचारता. मंडळाचंच तर काम आहे, त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं.

रविवारी दुपारी अध्यक्ष प्रल्हादच्या घरी मिटिंग झाली. प्रसन्ननं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पंधरा माणसं सोफ्यावर, खुर्च्यांवर, जिन्यावर बसून त्याला हुकूम सोडू लागली. हा दिवा इकडे घे, तो जरा मागे ने. प्रल्हाद म्हणाला, "यार, स्टेजच्या कडेचे ते दोन काढून टाक ना. प्रोजेक्टरच्या स्क्रीनवर चकाकतील." प्रसन्ननं दोन क्लिक केले, दोन्ही दिवे गेले, आणि टीव्हीवरचा हॉल होता तसाच हिरवागार राहिला. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, उल्हास मोहरील. सगळे त्यांना उल्हासकाका म्हणत. मूळचे नागपूरचे, वय चौऱ्याहत्तर. इथल्या एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. ते चष्मा पुसत म्हणाले, "प्रसन्न, ते दोन दिवे पायऱ्यांवरचे होते. आता पायऱ्यांवर उजेड पडेल का?"

"काका, बघा ना, सगळं हिरवं आहे," प्रसन्न म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण समोर पंधरा माणसं होती, मग काय थांबतोय. "आता टॉर्च घेऊन फिरायचे दिवस गेले, काका."

सगळे हसले. काकाही थोडे हसले आणि मागे टेकून बसले. विषय चहाकडे वळला.

हॉल झाला. शहराच्या इन्स्पेक्टरनं बाहेर पडायच्या वाटा तपासल्या. स्टेजच्या पायऱ्या त्या वाटेवर येत नव्हत्या, त्यामुळे त्या कोणीच तपासल्या नाहीत. दिवाळीच्या कार्यक्रमात रत्नाकाकूंचा, म्हणजे उल्हासकाकांच्या बायकोचा, सत्कार ठरला होता. वीस वर्षं त्यांनी शनिवारची मराठी शाळा चालवली होती. रीतीप्रमाणे अंगावर शाल घातली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात फ्रेम केलेलं मानपत्र. दोन्ही हात भरलेले, शालीचं टोक पायाशी. उल्हासकाका खाली फोन घेऊन उभे होते. "रत्ना, लवकर ये, फोटो काढायचाय," ते म्हणाले. काकू हसत निघाल्या. दुसऱ्या पायरीनंतर जमीनच आली असं त्यांना वाटलं, आणि तिसरी पायरी त्यांना दिसलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं.

अशा वेळी लोकांना दोष द्यायला कोणीतरी एक लागतो, आणि तो समोरच उभा होता. काकांनी घाई केली. एवढं वय झालं, कळायला नको का? फोटो काय पळून जात होता? तोंडावर कोणी बोललं नाही, पण पार्किंग लॉटमध्ये, फोनवर, डबे पोचवताना हेच चाललं होतं. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून त्यांची मुलगी अनिका आली. ती वकील होती, इथंच जन्मलेली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "बाबा, व्हाय वुड यू रश हर?" काकांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

प्रसन्न तिथंच होता. कालपासून त्याला काहीतरी खुपत होतं, पण काय ते त्याला धड सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर त्यानं हॉलची फाइल उघडली. पाहिलं आणि त्याला चूक दिसली.

गोष्ट अगदी साधी होती. सॉफ्टवेअर उजेड मोजतं ते जमिनीवर नाही, टेबलाच्या उंचीवर. अडीच फुटांवर. ऑफिसात माणसं टेबलावर काम करतात, म्हणून मुळात तसं ठरवून ठेवलेलं असतं. स्टेजच्या पायऱ्यांना एका बाजूनं कमरेएवढी बुटकी भिंत होती. भिंतीच्या वर लख्ख उजेड, आणि भिंतीच्या खाली तिची सावली, नेमकी पायऱ्यांवर. जुन्या पद्धतीत प्रसन्न प्रत्येक पायरी वेगळी काढून तिचा उजेड वेगळा मोजायचा. दोन दिवस हातात असायचे, तेवढ्यात कधीतरी आठवायचंच. या वेळी त्याच्याकडे अर्धा तास होता आणि टाळ्या होत्या. आता त्यानं मोजायची उंची अडीच फुटांवरून जमिनीवर आणली. पायऱ्या एका क्षणात गडद निळ्या झाल्या. तेच सॉफ्टवेअर, तितकंच झटपट. फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं. खरं तर एकानं विचारलं होतं.

घरी येऊन त्यानं बायकोला, दीपाला, सगळं सांगितलं. दीपा म्हणाली, "तू सांगितल्यानं काकूंचं हाड जोडलं जाणारे का?"

"नाही."

"मग? कंपनीचं लायसन्स न विचारता वापरलंस. उद्या इन्शुरन्सवाले आले, वकील आले, तर कंपनी तुला ठेवेल? व्हिसाचं काय? ग्रीन कार्डची फाइल आत्ता कुठे पुढे सरकलीये." तिचं चुकत होतं असं कोण म्हणेल? प्रसन्नला तेच ऐकायचं होतं, आणि ऐकून स्वतःची लाज वाटली.

मग त्यानं मध्यममार्ग काढला. त्याच्यासारखी हुशार माणसं काढतातच. पायऱ्यांवर दोन छोटे दिवे लावावेत, असं त्यानं प्रल्हादला सुचवलं, 'इम्प्रूव्हमेंट' म्हणून. चार दिवसांत दिवे लागले. प्रल्हादनं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'प्रसन्न, किती विचार करतोस यार मंडळाचा.' खाली पस्तीस नमस्कार आले. ते नमस्कार बघून त्याला जेवण गेलं नाही.

तीन आठवडे तो आणि दीपा आळीपाळीनं मोहरीलांकडे डबा पोचवत होते. दर वेळी काका दार उघडत, डबा घेत आणि म्हणत, "मीच घाई केली रे." आणि दर वेळी प्रसन्न म्हणे, "नाही हो काका, होतं असं कधी कधी." इतका निर्लज्जपणा आपल्याला जमेल असं त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं. काका खंगत चालले होते. दाढी वाढली होती, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. पूर्वी शेजारच्यांचे पंखेसुद्धा दुरुस्त करून देणारा माणूस, आता स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा कडेकडेनं वावरत होता.

शुक्रवारी दीपा डबा देऊन आली ती गाडीची किल्ली हातातच धरून बसली. "अनिका काकूंना क्युपर्टिनोला नेतेय," ती म्हणाली. "म्हणे बाबांबरोबर आईला ठेवणं सेफ नाही. घर विकायचं, आणि काकांसाठी इकडेच एखादी सीनियर लिव्हिंग बघायची. तिचा फ्लॅट लहान आहे."

"आणि काकू?"

"काकू हटून बसल्यात. ह्यांना सोडून येणार नाही, म्हणतायत. न्यायचं तर दोघांना ने, दोन तिकिटं काढ. पण अनिका ऐकेल असं वाटत नाही रे. काका एक शब्द बोलत नाहीत." दीपानं त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच म्हणाली, "जा तू. सांग त्यांना. पुढचं पुढे बघू."

एवढं झाल्यावर तरी तो गेला, हे त्याच्या खात्यावर मांडा. पंचेचाळीस वर्षांचा संसार मोडायची वेळ आली होती, तीही त्याच्या एका टाळीसाठी. शनिवारी सकाळी तो लॅपटॉप काखेत मारून गेला तेव्हा काकू खिडकीजवळच्या रिक्लायनरवर बसल्या होत्या, वॉकर शेजारी. अनिका जमिनीवर बॅग उघडून स्वेटरच्या घड्या घालत होती. काका ओट्याशी संत्रं सोलत होते.

"काकू, चूक काकांची नाही," प्रसन्न उभ्यानंच म्हणाला. "चूक माझी आहे."

मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि सगळं दाखवलं. हिरवा हॉल, अडीच फूट, बुटकी भिंत, आणि मग निळ्या पायऱ्या. काही लपवलं नाही. प्रल्हादचं नाव घेतलं नाही, दिवे आपणच काढले म्हणाला, आणि ते खरंच होतं. घाईचा काही संबंध नाही, तिथं कोणीही पडलं असतं, सावकाश उतरणाराही पडला असता, हे त्यानं दोनदा सांगितलं.

अनिका स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. "हे तुला केव्हा कळलं?"

"दोन दिवसांनी."

"अँड यू वेटेड थ्री वीक्स."

"हो."

"डू यू अंडरस्टँड व्हॉट आय डू फॉर अ लिव्हिंग?"

"हो," प्रसन्न म्हणाला. भीती वाटत होती, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटत होतं. आता काका मान वर करतील. अनिका त्यांची माफी मागेल. बॅग रिकामी होईल. आपलं जे व्हायचं ते होवो. त्यानं काकांकडे पाहिलं.

काका संत्र्याच्या फोडी बशीत लावत होते. ते म्हणाले, "मला माहीत होतं."

आणखी एक फोड लावून ते पुढे बोलले. "त्याच दिवशी, मिटिंगमध्ये. तू नकाशा फिरवलास तेव्हा मला ती भिंत दिसली. चाळीस वर्षं तेच केलंय मी. घरी येऊन कागदावर काढूनही बघितलं. सावली बरोब्बर तिथंच पडत होती."

"मग सांगितलं का नाही?" अनिका म्हणाली, आणि ती मराठीत बोलली म्हणून सगळ्यांना ते जास्त लागलं.

"हसले ना सगळे." काकांनी बशी बाजूला सरकवली. "राग आला मला. वाटलं, आपल्याला काय करायचंय. एकदा कोणीतरी ठेचकाळू दे, मग येतील विचारायला, काका, तुम्ही म्हणत होतात तेच खरं. वाटच बघत होतो मी." त्यांनी काकूंकडे हात केला. "कोणीतरी म्हणजे कोणीतरी. ही नव्हे. त्या दिवशी हातात फोन होता, ही समोर दिसत होती, भिंत डोक्यातच आली नाही."

"पण काका, तुम्ही तर म्हणत होतात, घाई केली म्हणून."

"लोकच म्हणाले तसं. मी म्हटलं, हो." काकांनी पहिल्यांदाच प्रसन्नकडे नीट बघितलं. "घाई तर कोणाकडूनही होते रे. तेवढंच राहिलं असतं तर बरं होतं. तू कशाला आलास?"

काकांची सुटका करायला म्हणून प्रसन्न आला होता. घाईच्या ज्या आडोशाला तो म्हातारा तीन आठवडे कसाबसा उभा होता, तेवढाही त्यानं काढून घेतला होता. लॅपटॉप मिटायचंही त्याला सुचेना.

रत्नाकाकू रडल्या नाहीत, नवऱ्याकडे पाहिलंही नाही. आता त्यांनी रिक्लायनरच्या हातावर जोर दिला. "मला आत जायचंय," त्या म्हणाल्या.

उल्हासकाका ओट्याकडून धावले, प्रसन्नही पुढे झाला. दोघांनी एकाच वेळी हात पुढे केले. काकूंनी दोन्ही हात बघितले आणि म्हणाल्या, "तुम्ही नको. अनू, तू ये."

अनिकानं त्यांना उठवलं. वॉकर घेऊन मायलेकी हळूहळू बेडरूमकडे निघाल्या आणि दोघं पुरुष त्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिले. दारापाशी काकू थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

"अनू," त्या म्हणाल्या, "तिकीट एकच काढ."