मी काय म्हणतो

धाकटा मिशीला डिंक लावून आरशासमोर ओठ दाबून बसला होता. पडद्याच्या फटीतून प्रेक्षक न्याहाळणारे, नाटक बसवणारे मास्तर म्हणाले, "तुझा भाऊ आलाय रे. पहिल्या रांगेत. शर्टाची इस्त्री बघ, लग्नाला आल्यासारखी!"

मिशी एका बाजूने सुटली.

"दादा? तो दुकान कधी बंद ठेवत नाही."

"आज ठेवलंय. वहिनीही आहेत. बरंच झालं, घरची माणसं जास्त हसतात."

धाकट्याची भूमिका होती मूर्ख घरमालकाची. सुरुवातीच्या तालमींत या घरमालकाला कुणी फुकटसुद्धा हसलं नव्हतं. मग एका संध्याकाळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी काय म्हणतो," आणि घरमालकाचा चष्मा मनगटाने वर सारला गेला. तालमीची खोली हसून लोळली. दादा पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. हात कायम तेलकट, म्हणून चष्मा मनगटाने सारतो. आणि "मी काय म्हणतो" म्हटल्याशिवाय त्याचं गाडं सुरूच होत नाही. धाकट्याने हे सगळं न विचारता उचललं होतं, आणि वर स्वतःच्या निरीक्षणाचं कौतुकही करून घेतलं होतं. दिवसभर ऑफिसात फायली इकडच्या तिकडे करणाऱ्या माणसाला आपल्यामुळे लोक हसतात याची चटक लागली, तर त्याला दोष किती द्यायचा? थोडा द्यावाच.

"मास्तर, ते पालुपद आज गाळतो."

"गाळ की. म्हणजे मी लगेच पडदाही पाडतो."

पहिल्या प्रवेशात त्याने खरोखरच गाळलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. पुढच्या वाक्याला एक खुर्ची करकरली. भाडेकरणीचं काम करणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी प्रेक्षकांकडे पाठ करून डोळे वटारले. धाकट्याचं मनगट आपसूक वर गेलं.

"मी काय म्हणतो..."

सभागृहात हशा फुटला. ती ऊब अंगावर आली आणि त्याला दुसरं काही सुचेना. मग लिहिलेलं होतं तिथे आणि नव्हतं तिथेही त्याने ते पालुपद पेरलं. मागच्या रांगेतल्या एका शेजाऱ्याने दादाच्या खांद्यावर थाप मारली, "अरे, हा तर तू!" तेव्हा कुठे धाकट्याने समोर पाहिलं. वहिनी मांडीवरच्या पर्सची चेन लावत होती, उघडत होती. दादा हसत होता. बाकीच्यांच्या थोडा मागून, त्यांच्याकडे वळून बघत, परक्या घरातल्या विनोदाला हसावं तसा.

नाटक संपल्यावर दादा एकटाच आत आला. नखं खरवडून स्वच्छ केलेली, हातांना साबणाचा वास.

"कसं वाटलं, दादा?"

"मी काय..." दादा थांबला. "मी काय म्हणणार? मला नाटकातलं काय कळतंय. लोक हसले ना, झालं तर."

"तसं नाही, दादा, मी..."

"पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग!" मास्तर दारातूनच ओरडले. "काय हो दादा, हा असला घरमालक याने आणला तरी कुठून?"

"आणला असेल कुठून तरी," दादा म्हणाला.

मास्तर गेले. धाकट्याने घाईघाईने मिशीला हिसका दिला आणि कळवळला.

"ओढू नको, कातडी निघेल. बस खाली." दादाने रुमाल ओला केला, समोर स्टूल ओढलं आणि एखाद्या यंत्राचं झाकण उघडावं तशी कड हळूहळू सोडवायला घेतली. बोटं डिंकाने बरबटली. वाकल्यामुळे चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला. मनगट वर आलं, अर्ध्यात थांबलं आणि पुन्हा मिशीकडे गेलं.

धाकट्याने हात उचलला, पण दादाच्या चष्म्याला हात लावायचं धाडस होईना.

"दादा, चष्मा..."

"असू दे," काचांच्या वरून बघत दादा म्हणाला. "दिसतंय मला."