ठेवणीतले गमबूट

मित्रांनो, मी एक जुना गमबूट आहे. जुना म्हणजे वापरून जुना नव्हे, ठेवून जुना. एक दिवस सोडला तर माझा तळवा कोरा आहे, आणि बुटाच्या जातीला याहून मोठी नामुष्की नाही. बोलतो आहे तो मी, उजवा. डावा माझा जुळा भाऊ. तो पहिल्यापासून घुमा.

आमचा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. पिवळेधमक बाहेर पडलो आणि खोक्यात बसलो. खोक्यावर छापलं होतं, 'चिखलातही पाय कोरडा'. आयुष्याचं इतकं स्पष्ट ध्येय माणसांच्याही वाट्याला क्वचितच येतं.

आम्हाला विकत घेतलं मामाने. तळ्यातल्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून तपासायला न्यायचे, ही त्याची नोकरी. भाचीच्या सहाव्या वाढदिवसाला त्याने आम्हाला आणलं. घरात तिला मिरी म्हणत. आकार तेवढाच आणि तिखटपणाही.

"ताई, दर रविवारी एक तास हिला मागच्या तळ्यावर न्यायचं," मामा म्हणाला. "शिकवायचं काही नाही. नुसतं हुंदडू द्यायचं. सवय लागली की झालं."

"आणि पडली म्हणजे?"

"उठेल."

त्याच रविवारी तो तिला घेऊन गेला. माझ्या आयुष्यात जगलो असा दिवस म्हणाल तर तो एकच. मिरी घोटाभर चिखलात उभी राहिली. पाय उचलला की 'पच्च' असा आवाज येई आणि ती खिदळे. मग काठावर बसून तिने डावा बूट काढला, त्यात पाणी भरलं, बेडकाची शेपटीवाली तीन पिल्लं धरली आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. निघताना ती पुन्हा तळ्यात सोडली.

"मामा, पुढच्या रविवारी यांना पाय फुटतील?"

"येऊन बघ की."

घरी आल्यावर आईने आम्हाला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, नवे कोरे बूट! काय दशा केलीस ही!"

आई वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. तिने आम्हाला जुन्या टूथब्रशने घासलं, आत पावडर मारली, पोटात वर्तमानपत्र कोंबलं आणि कपाटावर ठेवलं. या घरात चांगल्या वस्तू वापरत नसत. चांगल्या कपबश्या ठेवणीत, चांगली चादर ठेवणीत. आता चिखल तुडवायचे बूटही ठेवणीत.

पुढे मामाची दूर बदली झाली. रविवार मात्र येतच राहिले.

"आई, बूट काढ ना."

"आज फार चिखल आहे गं, खराब होतील."

चिखल सुकला.

"आई, आता?"

"आता चिखलच नाही, मग गमबूट कशाला?"

"मग चपला घालून जाऊ?"

"चपला घालून? मग मामाने एवढे बूट आणले ते कशाला?"

या युक्तिवादाला उत्तर मी अजून शोधतो आहे.

मामा फोनवर विचारायचा, "जाते ना पोरगी तळ्यावर?" आई सांगायची, "पुढच्या रविवारपासून." ती खोटं बोलत नव्हती. पुढच्या रविवारवर तिचा खरोखर विश्वास होता.

माझ्या पोटातल्या वर्तमानपत्रात 'मुलांना निसर्गात रमू द्या' असा लेख होता. आईने तो कोंबण्यापूर्वी आवडीने वाचला होता. दोन वर्षं तो माझ्या पोटात राहिला. पचला मात्र नाही. मिरी आधी दर रविवारी विचारायची, मग महिन्यातून एकदा, मग विचारेनाशी झाली. "शहाणी झाली हो," आई शेजारणीला म्हणाली.

एके सकाळी आईने आम्हाला आपणहून खाली काढलं. शाळेने 'निसर्ग माझा सोबती' असा प्रकल्प दिला होता. त्यासाठी तळ्याकाठचा फोटो हवा होता.

"घाल बघू," आई हौसेने म्हणाली.

मिरीने पाय घातला. बोटं वाकली, टाच अडली. आईने दाबलं, ओढलं, पुन्हा पावडर टाकली.

"आई, दुखतंय गं."

आई तशीच जमिनीवर बसली. माझ्या तळव्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "असू दे. चपला घाल. आपण दोघी जाऊ. खराब झाल्या तर झाल्या."

मिरीने मान वर केली. "तिथे काय असतं?"

ती फणकारली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती खरंच विचारत होती. आईने मला बाजूला ठेवलं. शेवटी कुठल्यातरी तळ्याचा फोटो मोबाइलवरून छापून घेतला. प्रकल्पाला 'उत्तम' असा शेरा मिळाला आणि आम्हाला पुन्हा कपाट.

मित्रांनो, पाय कुणाला विचारून वाढत नाहीत, आणि बाहेर पडायची ओढ कुणाला सांगून जात नाही. तुमचे बूट झिजू द्या, फाटू द्या. आम्ही त्यासाठीच जन्मतो. बूट नसतील तर चपला घाला, चपला नसतील तर अनवाणी निघा. मोठी माणसं 'पुढच्या वेळी' म्हणाली, तर त्यांचा हात धरून ओढा. सवय त्यांनाही लावावी लागते. मला काही घाई नाही, रबर पुष्कळ टिकतं. घाई तुम्हाला आहे.