चुकून जाहीर झालेली कार्यशाळा

मंगळवारी सकाळी अकराला बातमीताईंचं पत्रक निघायचं, आणि जगाच्या पाठीवर कुठे कुठे विहिरी खणणारी, लसी टोचणारी, पुरानंतर तंबू ठोकणारी माणसं ते उघडून बसायची. परदेशांत मदतकार्य करणाऱ्या दोनशेहून अधिक संस्थांचा एक महासंघ होता, त्याचं हे साप्ताहिक. कुठे साथ आली, कुणाला निधी मिळाला, कुठे नोकरी आहे, कुठे परिषद, कुठे प्रशिक्षण, कोण कुठून कुठे गेलं, सगळं त्यात. महासंघाचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, तीन खोल्यांचं, आणि त्यातली सगळ्यात लहान खोली बातमीताईंची. खिडकी उघडली की कपाटाचं दार उघडत नसे, आणि कपाट उघडायचं तर खिडकी लावून घ्यावी लागे. एकवीस वर्षं त्यांनी कधी हवा खाल्ली तर कधी फाइल काढली, दोन्ही एकदम कधी जमलं नाही.

त्यांच्या पत्रकातली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोक त्या तारखेवर विसंबून विमानाची तिकिटं काढत. तरी चूक झालीच, तर पुढच्या अंकात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत दुरुस्ती. हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता. एकवीस वर्षांत अशा दुरुस्त्या झाल्या सात, आणि त्या सातही त्यांना तोंडपाठ होत्या. लोक म्हणत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तर अशा बाईंच्या हातून आठवी चूक झाली.

दर वर्षी प्रशिक्षणांची यादी करताना त्या गेल्या वर्षीच्या फाइलची नक्कल काढत, मग एकेका संस्थेला फोन करून तारखा बदलत आणि बंद पडलेले कार्यक्रम काढून टाकत. सदतीस नोंदींतली बाविसावी नोंद कानसेनांची होती. कानसेन हे अर्थातच मागे घ्यायचं नाव, तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत. चाळीस वर्षं परदेशांतल्या छावण्यांतून काम केलेला हा माणूस पहिल्यांदाच मदतीला निघालेल्यांसाठी वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा घ्यायचा. विषय एकच, ऐकायचं कसं. सुरुवातीचं बोलणं झालं की ते सगळ्यांना रस्त्यावर पिटाळत. "अर्धा तास कुणापाशी तरी बसा. प्रश्न एकही विचारायचा नाही. काय कळलं ते येऊन सांगा." त्यांचं म्हणणं असं, की आपण पाण्याची टाकी घेऊन जातो आणि लोकांना विचारतो, तुम्हाला काय हवं? लोक बिचारे भले असतात, ते पाणीच मागतात. शिकाऊ मंडळी कपाळाला हात लावून बाहेर पडत आणि परत येताना जरा शहाणी होऊन येत. बातमीताई स्वतः अशाच एका कार्यशाळेत चपला शिवणाऱ्या एका माणसापाशी अर्धा तास गप्प बसल्या होत्या. पुढे त्यांना ही नोकरी लागली तीही सरांनी शब्द टाकला म्हणून.

आठ महिन्यांपूर्वी सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. हातात थोडी ताकद परत आली, पण बोलण्यात दोनच शब्द उरले, 'हं' आणि 'नको'. त्यातही 'नको' जास्त. वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि सर भिंतीकडे तोंड करून बसायचे. जन्मभर दुसऱ्यांचं अडखळतं बोलणं धीराने ऐकलेल्या माणसाला आपलं अडखळणं मात्र कुणाच्या कानी पडू द्यायचं नव्हतं. सरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, फोनवर सांगत, "इतक्यात भेटायला नको येऊस गं. कुणी आलं की आणखीच मिटून घेतात."

ती बाविसावी नोंद काढायला एक बटण दाबायचं होतं. पण बातमीताईंचा हात धजेना. सगळ्यात शेवटी काढू, असं म्हणून त्यांनी बाकीच्या छत्तीस नोंदी निपटल्या. ओळीने तारखा बदलता बदलता सवयीने हिचीही तारीख बदलली गेली. तेवढ्यात एका संस्थेचा फोन आला की परिषदेचा प्रमुख पाहुणा ऐन वेळी बदलला आहे. ते निस्तरेपर्यंत अकरा वाजले आणि पत्रक गेलं. चार हजार लोकांना गेलं, आणि सरांनाही गेलं, कारण वाचकांच्या यादीतूनही त्यांचं नाव काढायला बाईंना जमलं नव्हतं.

बुधवारी सकाळी ईमेल उघडली तर नऊ जणांनी सरांच्या कार्यशाळेसाठी नाव नोंदवलेलं. बातमीताईंच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारपर्यंत सोळा झाले. त्या उठल्या आणि कार्यवाहांच्या खोलीत गेल्या. कार्यवाह वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सज्जन, आणि नियमाला धरून श्वास घेणारा माणूस.

"दुरुस्ती आजच पाठवा, ताई. मंगळवारची वाट कशाला बघायची? लोक लांबून येतात," ते म्हणाले. "आणि सरांच्या घरी आधी फोन करा. त्यांनी वाचलं असेल तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल."

खोलीत येऊन बातमीताईंनी लिहायला घेतलं. प्रकृतीच्या कारणास्तव कार्यशाळा रद्द. तेवढं लिहून होतंय तोच फोन वाजला. वहिनी होत्या.

"अगं, कुणाच्या डोक्यातून निघालं हे? त्याचं भलं होवो!"

"वहिनी, ते काय झालं..."

"ऐक तर आधी. काल दुपारी तुझं पत्रक वाचत बसले होते. वाचतात अजून, कळतं सगळं. एकदम टेबलावर हात आपटला. धावत जाऊन बघते तर बोट त्या तारखेवर. मी म्हटलं, अहो, तुम्हाला बोलावलंय! जायचं? आणि 'नको' म्हणाले नाहीत गं. आठ महिन्यांत पहिल्यांदा 'नको' म्हणाले नाहीत."

बातमीताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज सकाळी डाव्या हाताने स्वतः दाढी केली. हनुवटीला दोन ठिकाणी कापलंय, पण केली. आणि त्या व्यायामाच्या बाई आल्या, तर दारातच त्यांना 'या' म्हणाले. ती बाई रडायचीच काय ती बाकी होती. तू आहेस ना फोनवर?"

"आहे."

"अजून तीन आठवडे आहेत. होईल ना गं?"

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. समोर पडद्यावर 'रद्द' असं लिहिलेलं होतं. बातमीताईंनी ते पाहिलं आणि एकवीस वर्षांत तारखेच्या बाबतीत पहिल्यांदा त्या खोटं बोलल्या.

"होईल की. न व्हायला काय झालं?"

आता एक खोटं बोललं की त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं येतं, हे कुणाला सांगायला नको. त्या परत कार्यवाहांकडे गेल्या.

"म्हणजे चूक तशीच ठेवायची?" कार्यवाहांनी चष्मा काढला.

"तशीच नाही. खरी करायची."

"आणि त्यांना बोलता आलं नाही तर? वीस-बावीस माणसांसमोर सर उभे राहणार आणि तोंडातून शब्द फुटणार नाही. ताई, जे काय मिळवलंय ना त्यांनी एवढ्यात, तेही जाईल. परत कधी घराबाहेर पडायचे नाहीत ते. त्यापेक्षा आज थोडं वाईट वाटलेलं परवडलं."

बातमीताईंना संताप आला. चुकीचं बोलणाऱ्याचा येत नाही एवढा राग बरोबर बोलणाऱ्याचा येतो. पण त्या खोलीतून हलल्या नाहीत. शेवटी कार्यवाहांनीच माघार घेतली.

"हॉलचं मी बघतो. पण सरांना खरं काय ते सांगा. चुकून आलेलं आमंत्रण आहे, तरी यायचं का, असं सरळ विचारा. तेवढं तुमच्याकडे लागलं."

शनिवारी त्या सांगायलाच गेल्या. सर आरशासमोर बसले होते, शेजारी व्यायामाच्या बाई. 'बसा' म्हणायचं चाललं होतं. 'ब' येई, मग ओठ नुसतेच थरथरत, मग घामाघूम झाल्यावर 'सा' येई. बातमीताईंना पाहून त्यांनी तोंड फिरवलं नाही. डाव्या हाताने एक कागद पुढे सरकवला. वाकड्यातिकड्या अक्षरांत दिवसाचा सगळा आराखडा होता, चहाच्या वेळेसकट. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. तो कागद पाहिल्यावर कसं सांगणार कुणी? पुढच्या शनिवारी सांगते, असं मनाशी म्हणत त्यांनी वहिनींचा चहा घेतला आणि बाहेर पडल्या. पुढच्या शनिवारी 'जा' आलं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी 'ऐका' आलं, आणि 'ऐका' आल्यावर सर इतके हसले की वहिनी पदराने डोळे टिपत आत गेल्या. चौथा शनिवार आलाच नाही, कारण कार्यशाळा गुरुवारी होती.

हॉलमध्ये तेवीस माणसं आली. कुणी परिचारिका, कुणी शिक्षक, कुणी पाण्याच्या पंपांचे जाणकार, सगळे पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कुठे ना कुठे निघणारे. सर वहिनींच्या आधाराने आत आले, आधार सोडून उभे राहिले. बातमीताई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, आणि आपण इथून उठून पळून जावं असं त्यांना खरंच वाटलं.

सरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही.

पाच सेकंद गेले, दहा गेले. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. दाराशी उभ्या असलेल्या कार्यवाहांनी खाली पाहिलं. पहिल्या रांगेतल्या परिचारिकेला राहवलं नाही, ती मदतीला धावली. "स्वागत? स्वागत म्हणायचंय का, सर?"

सरांनी डावा हात वर केला. थांब. रागाने नव्हे, पण थांब. आणि मग ते थांबले, आणि त्यांच्यामुळे सगळा हॉल थांबला. शब्द आला तेव्हा तो स्वागत नव्हताच.

"घाई... नको."

एवढं बोलून त्यांनी श्वास घेतला. "बाहेर... जा. बसा. कुणा... पाशी." मग बराच वेळ. "विचारू... नका." भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, हाताने अर्धं कापून दाखवलं. "ऐका."

आठ-नऊ शब्द झाले असतील. दर वर्षी याच गोष्टीला सर पाऊण तास घ्यायचे. तेवीस माणसं आवाज न करता उठली आणि जिना उतरून गेली. ती परिचारिका जाताना सरांसमोर क्षणभर उभी राहिली, काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. कार्यवाह तिच्या मागोमाग गेले. त्यांनी नावही नोंदवलेलं नव्हतं, तरी गेले.

वहिनी चहाचं बघायला खाली गेल्या. हॉलमध्ये सर आणि बातमीताई दोघंच उरली. बातमीताईंनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली. त्यांचा जीव इतका भांड्यात पडला होता की आता काय ते बोलून मोकळं व्हावं असं त्यांना वाटलं. "सर, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. तीन आठवडे सांगायचं होतं..."

"चूक," सर म्हणाले.

बातमीताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"चुकून... छापलं."

"तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"त्याच... दिवशी." सर हसले. अर्धाच चेहरा हसतो आता त्यांचा, पण तेवढा पुष्कळ होता. "मला... कुणी... बोलावेल? मुका... माणूस."

बातमीताईंना रडू आवरेना. आपण आठ महिने भेटायला गेलो नाही, वहिनी नको म्हणाल्या म्हणून खरंच गेलो नाही, त्याचं रडू, आणि तीन आठवडे याच माणसाशी आपण खोटं बोलत राहिलो त्याचं. "मग आलात का सर?" त्यांनी विचारलं. "माहीत होतं तर आलात का?"

सरांनी उत्तर शोधायला घेतलं. ओठ हलत राहिले. एक शब्द हाताशी आला आणि निसटला. मध्येच त्यांनी मान हलवली, हा नव्हे, दुसरा. बातमीताईंनी पदर तोंडाशी धरला आणि मध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत.

"सगळे... बरे हो... म्हणतात," शेवटी सर म्हणाले. "कामाला... ये... कुणी... म्हणत नाही. तू... म्हणालीस." जरा दम घेतला. "चुकून... का होईना."

बातमीताईंनी त्यांचा उजवा हात, तो अजून नीट न चालणारा, आपल्या दोन्ही हातांत घेतला. खाली जिन्यावर पावलं वाजायला लागली होती, अर्धा तास संपत आला होता. सरांनी घाईने त्यांचा हात हलवला, अजून काही राहिलं होतं.

"पुढच्या... वर्षी," ते म्हणाले, "अर्धा... दिवस... छाप. दमतो गं."