शंभर फुटांच्या आत

चर्चच्या तळघरातल्या भिंतीवर मेंढपाळ येशूचं मोठं चित्र होतं. हॉलिस प्रिडीने त्यावर नेहमीसारखी पांढरी चादर चढवली, कोपऱ्यांना टाचण्या मारल्या आणि दोन पावलं मागे सरून नीट पाहिलं. दर निवडणुकीला हे काम त्याच्याकडेच असे. रविवारी ही खोली बायबलच्या वर्गाची, मतदानाच्या मंगळवारी सरकारची. टेनेसीतल्या त्या लहानशा गावात कुणालाही यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वरच्या स्वयंपाकघरात बायका हॅम घातलेली, पावासारखी मऊ बिस्किटं भाजत होत्या, त्यांचा वास जिन्यावरून खाली येत होता.

हॉलिस या मतदान केंद्राचा प्रमुख होता आणि याच बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे मानद कारभारीही. उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात काढलेला भिडस्त माणूस. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या तळहातांना घाम सुटे. सकाळी हात वर करून निवडणुकीची शपथ घेतानासुद्धा त्याचा आवाज कापला होता.

चादर लावून झाल्यावर तो प्रचारबंदीची पाटी रोवायला बाहेर गेला. दारापासून शंभर फुटांच्या आत कुणी मत मागायचं नाही, असा नियम. मोजायची फीत ओढत तो रस्त्याकडे गेला, पाटीचा खुंट जमिनीत ठोकला, कंबर सरळ करत मागे वळला आणि तसाच उभा राहिला.

त्याच्या आणि चर्चच्या मधोमध, विटांच्या चौथऱ्यावर, चर्चचा काचेचा फलक होता. त्यावर काळ्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘मुलं देवाची. शाळाही देवाची. मंगळवारी हो म्हणा.’

ती अक्षरं शनिवारी त्याने स्वतःच लावली होती.

फलकाची किल्ली बरीच वर्षं त्याच्या खिशात होती. दर शनिवारी पास्टर मजकूर देत आणि हॉलिस एकेक अक्षर पट्टीत सरकवून तो उभा करी. बायको, आयरिस, गेल्यापासून आठवड्यातून दुसऱ्या कुणासाठी काही करावं असं तेवढंच उरलं होतं. येणारेजाणारे गाडीचा वेग कमी करून फलक वाचत. आपण गावाशी बोललो, असं त्याला वाटे. या शनिवारीही दोन शब्दांतलं अंतर सारखं पडलंय ना, एवढंच त्याने पाहिलं होतं. आतलं चित्र झाकायचं त्याला आठवलं. बाहेरचा फलक मंगळवारीही बाहेरच असणार, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

चर्चच्या शाळांतल्या मुलांची फी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या तिजोरीतून द्यावी का, असा प्रश्न यंदा मतपत्रिकेवर होता. पास्टर कूल्टर पुढच्या वर्षी वरच्या खोल्यांत शाळा काढणार होते. हॉलिसच्या नातीचं नावही तिथे घातलं होतं. केंद्रावर काम असल्यामुळे त्याने आपलं मत आठवड्यापूर्वीच देऊन टाकलं होतं, आणि ते ‘हो’ असं होतं.

तो खाली आला तेव्हा नडीन मतदारांच्या याद्या लावत होती. ती केंद्रावर दुसऱ्या पक्षातर्फे नेमलेली, हॉलिसची शाळेतली सोबतीण, आणि आईच्या दफनानंतर कुठल्याही चर्चची पायरी न चढलेली.

“काय रे हॉलिस,” ती मान वर न करता म्हणाली, “तुमचा देव आज आवारात मतं मागतोय. ओळखपत्र आणलंय का त्याने?”

हॉलिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तू निवडणूक कचेरीत कळवणार का, असं त्याने चाचरत विचारलं.

“मी कशाला कळवू? केंद्र तुझं, चर्च तुझं, फलकही तुझाच. तूच काय ते ठरव.”

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मतदान सुरू झालं. रांग जिन्यापर्यंत गेली. हॉलिस नावं तपासत होता, पण एकाच ओळीवर नजर पुन्हा पुन्हा जात होती. आत येणारा प्रत्येकजण तो फलक वाचूनच येतोय, हे त्याला दिसत होतं. फलकावर चादर टाकावी? बाहेर वारा होता. कुणाचा ट्रक त्याच्यासमोर उभा करायला सांगावा? ती तर लबाडी झाली. हात सारखा खिशातल्या किल्लीकडे जात होता.

शेवटी नडीनला टेबल सांभाळायला सांगून तो वर गेला. पास्टर कूल्टर स्वयंपाकघरात बायकांशी हसतखेळत कॉफी पीत होते. त्याच्याहून वयाने बरेच लहान. आयरिसच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिच्या उशाशी येऊन बसणारा माणूस. हॉलिसने खालच्या आवाजात अडचण सांगितली. ते त्याला घेऊन व्हरांड्यात आले.

आधी त्यांनी समजावून सांगितलं. जमीन चर्चची, फलक चर्चचा. देवाच्या अंगणात काय लिहायचं हे सरकारने सांगायचं नाही, असंच आपण मानत आलो ना? हॉलिसने मान डोलावली. मग ते म्हणाले, “ब्रदर हॉलिस, तुम्ही आमच्या बाजूचे आहात ना?”

“मी ‘हो’च म्हटलंय, पास्टर.”

“मग अडलं कुठे?”

हॉलिसला पुष्कळ काही सांगायचं होतं. एके काळी शेजारच्या व्हर्जिनियात सरकारी चर्चचा परवाना नाही म्हणून आपल्याच पंथाच्या उपदेशकांना तुरुंगात टाकलं होतं. चर्च आणि सरकार यांच्यामध्ये भिंत हवी म्हणून तेव्हा आपलीच माणसं ओरडत होती. हे त्याने वाचलं होतं, पण जिभेवर येईना.

“मी सकाळी शपथ घेतलीय,” तो एवढंच म्हणाला. “आणि आजच्या दिवस ते अंगण आपण सरकारला दिलंय.”

पास्टरांचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर हॉलिसला इतकं लागलं नसतं. “मी अक्षरं काढा म्हणणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही काढलीत, तर मात्र किल्ली मला आणून द्या.”

हॉलिस स्टूल घेऊन बाहेर गेला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “अरे, काय करतोयस तू?”  कुलूप उघडून हॉलिस एकेक अक्षर काढत गेला. थंडीने बोटं आखडली होती. एक अक्षर खाली पडलं, ते कुणीही उचलून दिलं नाही. सगळी पेटीत टाकून त्याने काच बंद केली आणि तो खाली आला. नडीनने कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला. दुपारी वरून सगळ्यांसाठी बिस्किटं आली. त्याची बशी आली नाही. नडीनने आपल्यातलं अर्धं दिलं.

केंद्र बंद व्हायच्या बेतात पास्टर मत द्यायला आले. हॉलिसने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. “ओळखपत्र?”

“तुम्ही मला ओळखता, ब्रदर.”

“ओळखतो. विचारावं लागतं.”

पास्टरांनी पाकिटातून ते काढलं. हॉलिसने नाव पाहिलं, फोटो पाहिला, यादीत सही घेतली. मत देऊन ते परत त्याच्या टेबलापाशी उभे राहिले.

“इथे नको,” हॉलिस म्हणाला. “पाटीच्या पलीकडे चला.”

दोघं अंगणातून चालत गेले. पाटी ओलांडल्यावर हॉलिसने किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. पास्टर काही वेळ ती बोटांत फिरवत राहिले. “आयरिसला हे आवडलं असतं का?” त्यांनी विचारलं. टोमणा होता की खरंच विचारत होते, हे हॉलिसला कळलं नाही.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “सकाळपासून स्वतःला तेच विचारतोय.”

मतमोजणीसाठी त्याला परतायचं होतं. अंधार पडताच फलकाचा दिवा रोजच्यासारखा आपोआप लागला. रिकामी पांढरी काच उजळली. रस्त्यावरून एक गाडी आली, फलकासमोर हळू झाली, जरा वेळ रेंगाळली आणि पुढे गेली. हॉलिसने सवयीने खिसा चाचपला, मग हात तिथेच ठेवून तो भराभरा जिना उतरला. खाली नडीन भिंतीवरच्या चादरीची टाचणी काढत होती.

“थांब,” तो म्हणाला. “मोजणी व्हायचीय अजून.”